सोनूबाईच्या पांढऱ्या गोळ्या

आष्टीची सोनूबाई फेफरं येऊन पडली, की बायका तिच्या पायांवर डोकं ठेवायच्या. सासू गोजरबाईनं गावाला पटवलं होतं, की सुनेच्या अंगात देवी येते. ओटी भरायला दारात रांग लागे. चुलीत पडून सोनूबाईचे हात भाजले होते, ते कुणी बघत नव्हतं. एकदा तर ती तान्ह्या नंदासकट आपटली. तेव्हापासून पोरीला मांडीवर घ्यायची तिला बंदी झाली.

शेवटी नवरा कडूबानं तिला गुपचूप रेल्वेनं जालन्याला नेलं. डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्यांची डबी दिली. म्हणाला, हे झाडपाल्याचं औषध नाही, विलायतेतल्या कारखान्यात तयार होतं. झोप येईल, चाल अडखळेल. पण एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल.

गोळ्यांनी सोनूबाई दिवसभर पेंगायची. भाकरी थापताना हात जड व्हायचे, साधा शब्द आठवायला वेळ लागायचा. पण पाच महिने ती पडली नाही. नंदा तिच्या मांडीवर निजू लागली. जगाकडून तिला एवढंच हवं होतं.

नवरात्राचे घट बसले आणि गोजरबाईचं धाबं दणाणलं. अष्टमीला गाव जमणार आणि देवीचा पत्ता नाही. तिनं डबी उचलून कणगीतल्या ज्वारीत खुपसली.

"त्या गोळ्यायनं देवीला बांधून टाकलंय," ती लेकाला म्हणाली.

"माझी डबी द्या," सोनूबाई नवऱ्याला म्हणाली. "डाक्तर काय म्हनला ते तुमी बी ऐकलंय."

"नवरात्र उठलं की देतो. मायचं मन मोडता येत न्हाई मला."

असला मातृभक्त कुणाच्या नशिबी येऊ नये.

तिसऱ्या दिवशी तिचे हात थरथरू लागले, झोप उडाली. तिनं ओळखलं. नंदाला तिनं शेजारच्या शहाजादीकडे दिलं. "भाभी, मी सांगस्तोर हिला माझ्याकडं आनू नका."

अष्टमीला ती पडली. एक झटका ओसरेपर्यंत दुसरा. शुद्ध काही येईना. हलगीवाल्यांना जोर चढला. गोजरबाई कानाशी वाकून विचारत होती, "औंदा नातू व्हईल का, माय?" सोनूबाईचं डोकं जमिनीवर आपटत होतं. बायका म्हणाल्या, देवी हो म्हणते.

कडूबा घाबरून डबी घेऊन धावला. दातखीळ बसलेली. गोळी फेसासोबत बाहेर आली. दिवस मावळताना झटके थांबले आणि श्वासही थांबला.

सुतक फिटलं तशी गोजरबाईनं नंदाला शहाजादीकडून आणवलं, पाटावर बसवलं आणि कपाळभर मळवट भरला.

"आता देवी हिच्यात येनार," ती म्हणाली. "मायचेच डोळे हायेत."

नंदा दीड वर्षाची होती. कुंकू डोळ्यांत गेलं म्हणून ती रडत होती, आणि बायका ओटीचे तांदूळ घेऊन पुढं सरकल्या.