मेंदूतले लाल कण

सत्तरच्या दशकात आमच्याकडे मेंदूवर संशोधन करायचं म्हणजे आधी तीन प्रयोगशाळांत दीड-दीड महिना उमेदवारी करावी लागे. तिघांपैकी एका प्राध्यापकाने ठेवून घेतलं तर पीएचडी, नाहीतर घर. माझं घर कन्हानला होतं आणि तिथल्या लोकांच्या लेखी मी आधीच डॉक्टर झालेलो होतो.

पहिल्या प्रयोगशाळेत एक विलायती यंत्र होतं. त्याच्यावरचं कापड पाहुणे आले की निघे. दुसरीत बेडूक भरपूर, प्राध्यापक क्वचित. दोन्हीकडून मला शुभेच्छा मिळाल्या, जागा मिळाली नाही. उरली तिसरी. तिथे उंदराच्या मेंदूचे पातळ काप काढून, रंगवून काचपट्टीवर बसवत.

खंडेनवमीला तिथल्या म्हाताऱ्या अटेंडंटने उपकरणांची पूजा मांडली आणि काप काढायच्या सुरीला हळदकुंकू वाहायचा मान मला दिला. पूजेतली सुरी खरं तर दसरा होईपर्यंत हलवायची नसते. पण तिथल्या प्राध्यापकांना, म्हणजे सरांना, परिषदेसाठी काप हवे होते. दसऱ्याच्या सकाळी मी ती घाईघाईत पुसली आणि कामाला लागलो.

आठवड्याने सरांना सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या मधे लाल कण दिसले. त्यांनी विभागप्रमुखांना बोलावलं. चहा आला. 'अज्ञात रचना' असं दोनदा म्हणून झालं. मी सुरीकडे पाहत उभा होतो.

बाहेर आल्यावर अटेंडंटला म्हणालो, "ते कुंकू आहे. सांगून टाकतो."

"काहून सांगतं गा? साहेब खुश हायेत. तुले ठेवून घेऊन राहिले ना?"

मला ठेवून घेतलं. मी घरी पत्र टाकलं. मग सरांनी प्रबंधाचा विषय दिला : लाल कण.

वर्षभर मी स्वच्छ सुरीने शेकडो काप काढले. एकही कण सापडला नाही. सर म्हणत, तुमचं रंगवणं चुकतंय. पुढच्या खंडेनवमीला अटेंडंटने कुंकवाची डबी माझ्यापुढे सरकवली. "लाव ना गा थोडं. कोनाले समजते?"

मी डबीत बोट बुडवलंसुद्धा. मग ते रुमालाला पुसलं.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन सरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानं घेतली, चष्मा काढला.

"मग वर्षभर तुम्ही काय शोधत होतात?"

मी नमस्कार करून निघालो. माझी जागा तिथेच गेली.

दिवाळीनंतर पुस्तकं न्यायला गेलो, तेव्हा माझ्या टेबलाशी नवा उमेदवार बसला होता. विषय विचारला. तोच होता.