गाडी वळेपर्यंत

आमचं काम होतं वेळ काढायचं. स्पष्टच सांगते, उगाच कलेच्या बाता कशाला! रायपूर राजधानी झालं आणि शहरात उद्घाटनांचं पेव फुटलं. दर उद्घाटनाला मंत्री, आणि दर मंत्र्याला उशीर. तोवर खुर्च्यांवरच्या लोकांनी काय करावं? तर शास्त्रीय संगीत ऐकावं. ऐकायलाच हवं असंही काही नाही, मागे सुरू असलं की झालं.

आम्ही तिघं होतो. व्हायोलिनवर काका, रेल्वेतून रिटायर झालेले. तबल्यावर भाऊ, सरकारी कार्यालयात बाबू. सतारीवर मी, दिवसभर शाळेत पोट्ट्यांवर ओरडून थकलेली. नात्याचं कोणीच कोणाचं नव्हतं.

निवेदक भैया मंचाच्या कडेला उभा राहायचा. फाटकातून गाडी वळली की हात वर करायचा. लगेच आम्ही तिहाई घ्यायचो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं आणि गप्प व्हायचं. हात केव्हा वर होईल याचा नेम नव्हता. म्हणून आलाप नावापुरता. संथ लय तर आम्ही टाकूनच दिली, कारण तिच्यात सम यायला वेळ लागतो आणि मंत्री काही समेसाठी थांबत नाही. दहाएक मिनिटांत राग गुंडाळायचा, गाडी आली नसली तर दुसरा काढायचा. भाऊ तर फाटकाकडे बघतच ठेका धरायचा. वर्षानुवर्षं हेच. जीव नुसता विटून गेला होता. पण नाही म्हणावं तर दुसरं बोलवत कोण होतं आम्हाला?

अशातच काकांचं हैदराबादला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. सामान बांधून झालं होतं. गोल बाजारातून तारांचा एक जादा जोड आणून त्यांनी व्हायोलिनच्या पेटीत ठेवला आणि माझ्या बैठकीत येऊन बसले.

"पोरी, जाच्या आधी एकदा मले पुरा राग वाजवाचा आहे."

"मग वाजवा ना काका. इथंच वाजवा, कोण अडवून राहिलं?"

"घरी नाही. समोर माणसं पायजेत. नाही ऐकलं तरी चालते, पण बसलेली पायजेत. या लोकांनी कधी पुरं वाजवूच नाही दिलं."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढा हात तयार असलेला माणूस, आणि मागून मागून मागितलं काय तर एक पूर्ण राग!

शेवटचा कार्यक्रम अभनपूरच्या रस्त्यावर एका नव्या भवनाचा होता. दिवस कलला होता. आम्ही तारा जुळवत होतो, तेवढ्यात भैया धावत आला.

"दीदी, मंत्रीजी भनपुरी में फँसे हैं. ट्रकों का जाम है. आराम से बजाइए, घंटाभर तो कोई नहीं आता."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी रुमालानं तळवे पुसले, परत पुसले.

"पूरिया धनाश्री," ते म्हणाले. "पुरा."

"हव काका," भाऊ म्हणाला, आणि पहिल्यांदाच फाटकाकडे पाठ करून बसला.

काकांनी आलाप धरला. काय सांगू, खालच्या सप्तकातला तो निषाद ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या रांगेत एक जण समोसा खात होता, तो खायचा थांबला. मनात म्हटलं, चला, बाप्पा, एकदाचं मनासारखं होऊन राहिलं. मग ते गतीवर, म्हणजे तबल्यासोबतच्या बंदिशीवर आले, पण संथ नाही, आमच्या नेहमीच्या लयीत. मला वाटलं, ठीक आहे, पुढे काहीतरी मनात असेल यांच्या. लय वाढली. त्यांनी मान हलवली. तिहाईची ती खूण माझ्या हातांना इतकी पाठ होती की मी विचारसुद्धा केला नाही. एकदा, दोनदा, तीनदा, सम.

आम्ही थांबलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही नेहमीसारख्याच.

भाऊनं वळून पाहिलं. फाटकात कोणी नव्हतं. भैया कोपऱ्यात चहा पीत उभा होता, हात त्यानं वर केलाच नव्हता.

"काका, गाडी नाही आली," भाऊ हळूच म्हणाला.

"मले माहीत आहे."

त्यांनी गज परत तारांवर ठेवला. एक सूर निघाला, तो त्यांनी मध्येच तोडला. मग दुसरा. कपाळावर घाम आला होता. शेवटी गज मांडीवर ठेवून माझ्याकडे वळले.

"मले वाटे, लोकं थांबवून राहिले," ते म्हणाले. "आज तर कोणीच नाही थांबवलं, पोरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि संतापही आला. कोणावर, ते तेव्हा कळलं नाही.

"काहून असं बोलता काका? लोकं बसले आहेत ना अजून. घ्या, परत धरा."

"तू वाजव. मी ऐकतो."

भाऊनं ठेका संथ केला. मी डोळे मिटून सतार छेडली, म्हटलं, यांच्यासाठी तरी शेवटापर्यंत नेते. दहा मिनिटांत माझ्याजवळचंही संपलं.