खिदिरपूरला न लागलेली आग

कोलकात्यातल्या आम्हा मराठी माणसांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बँकवाले, आयटीवाले आणि कस्टम्समधला मी. पूर्वी गणपतीत भेटलो की चार किस्से जमायचे, आता सकाळचा चहा व्हायच्या आत एखादा पदरात पडतो. लोक हसतात. माझं डोकं फिरतं.

*

बँकेतले देशपांडे एकेकाळी अग्रलेखापासून पेपर वाचायचे. आम्ही आधी क्रिकेटचं पान उघडलं तर चिडायचे. आता पेपर बंद! परवा त्यांनी टाकलेल्या बातमीवर मी दोन साधे प्रश्न विचारले.

"अहो, मी कुठे वाचलीय? मी फक्त पाठवली."

*

आयटीतला समीर बराकपूरहून रोज सियालदहला येतो. एकदा त्याने ग्रुपवर टाकलं, 'सियालदहच्या सगळ्या गाड्या बंद.' मी फोन केला तर हा गाडीतच, आणि गाडी चाललेली!

"माझी चालू असेल हो, बाकीच्यांचं काय?"

*

गेल्या महिन्यात देशपांड्यांकडे मुलाच्या मुंजीची गडबड होती. सांगलीहून त्यांच्या आई येणार होत्या. नातवाची मुंज डोळ्यांनी बघायची, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं.

त्यातच देशपांड्यांनी एक व्हिडिओ टाकला. 'खिदिरपूर पेटलं, घराबाहेर पडू नका.' आगीमागे दुकानांच्या पाट्या दिसत होत्या, एकही बंगालीत नव्हती. माझं ऑफिस खिदिरपूरलाच. मी खिडकीतून फोटो काढून पाठवला. गोदीतल्या क्रेन, खाली निवांत उभा झालमुडीवाला, म्हणजे इथला भेळवाला.

देशपांड्यांचं उत्तर आलं, "खिडकीतून सगळं दिसत नाही."

मी फोन टेबलावर आपटला. इतकी वर्षं इथे काढलेला माणूस, आणि माझ्या डोळ्यांपेक्षा याला तो व्हिडिओ खरा!

*

समीरची तर कमाल. त्याने कोलकात्यातून पुण्याला मेव्हण्याला फोन लावला.

"अरे, कोलकात्यात नक्की काय झालंय? तुमच्याकडे कळलं असेल ना?"

*

मुंजीच्या आदल्या आठवड्यात मी देशपांड्यांकडे आचाऱ्याचं ठरवायला गेलो, तर घरात मुंजीची तयारी थांबलेली. तो व्हिडिओ त्यांनी घरच्या ग्रुपवरही टाकला होता. तो बघून आईंनी तिकीट रद्द केलं होतं. वर मुलाला घेऊन सगळे सांगलीला निघून या, असा त्यांचा हट्ट. मला भयंकर राग आला होता, पण देशपांड्यांचा चेहरा बघून तो गिळला.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

"आई, अगं तसलं काही झालेलंच नाही. आम्ही इथेच राहतो ना! मुलं शाळेत जातायत, मी बँकेत जातोय."

 मग आई म्हणाल्या,

"मला काळजी लागू नये म्हणून तू आता खोटं बोलतोयस. व्हिडिओ पाठवलास तेव्हा खरं बोलला होतास."