ओके न दाबणारे साडू

संगणकाच्या पडद्यावर चूक दाखवणारा संदेश उमटला की माणसे तो न वाचता ओके दाबतात. अख्ख्या नगर जिल्ह्यात तो संदेश शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझा साडू आहे. साखर कारखान्याच्या संगणक विभागातून ते निवृत्त झाले. आता सोनईत राहतात. काउंटरवरच्या संगणकात फॉर्म आणि आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर माहिती, अशी जोडणी जिथे बिघडेल तिथे ते एसटीने जातात. फोनवरचे त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते: "ओके दाबू नका, मी निघालोय." पुणतांब्याच्या एका दूध संकलन केंद्रातला कारकून या शब्दाखातर सकाळपासून माउसला न शिवता बसून राहिला. साडूंची बस वाटेत बंद पडली, तरी तो हलला नाही. दूध घालायला आलेल्यांना तो हात जोडून सांगत होता, "टेबलाला धक्का लावू नका, पाव्हणं येऊ द्या."

आल्यावर ते आधी पाणी पितात, संदेश जसाच्या तसा वहीत उतरवतात आणि विचारतात, "काल काय बदललं?" उत्तर सगळीकडे एकच मिळते: काहीच नाही. तेही ते उतरवतात आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडतात. घरीसुद्धा ही सवय सुटत नाही. आमटी बिघडली की मेहुणीबाईंना हाच प्रश्न. त्यांनी एकदा सुनावले, "तीस वर्षं झाली तुमच्या घरात. बदलायचं काय राहिलंय माझं?" साडूंनी तेही लिहून घेतले. गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टरांनी नाडी धरायच्या आत त्यांनी आठवडाभरात बदललेल्या गोष्टींची यादी वाचून दाखवली. तिच्यात नव्या चपला तिसऱ्या क्रमांकावर होत्या. डॉक्टरांनी चपला बदलायला सांगितल्या आणि गुडघा दुखायचा थांबला.

वर्तमानपत्राच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी कोपरगावच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचा मानद चिटणीस झालो. तिथे दोन खिडक्या होत्या. नव्या रुग्णांची नोंद सुनंदाताई करत, जुन्या रुग्णांची शेखभाई. नऊ वर्षे दोघे एकाच बाकावर डबा खात होते. मग शेखभाईंच्या पडद्यावर एक इंग्रजी संदेश येऊ लागला. त्याचा अर्थ असा, की तुम्ही ही नोंद बदलत असताना दुसऱ्या कोणीतरी ती बदलली आहे. जुन्या रुग्णाची तपासणीची तारीख काही केल्या जतन होईना.

"ताई, माझ्या नोंदींत हात घालू नका," शेखभाई म्हणाले.

"मी कशाला घालू? मला माझं काम थोडं हाय का?"

"मग मशीन खोटं बोलतंय का? दुसरं हाय कोण इथं?"

डबे वेगळे झाले. आठवडाभराने शेखभाईंनी लेखी तक्रार दिली. सुनंदाताई अकरा महिन्यांच्या करारावर होत्या. नोटीस निघाली की करार संपला, हे सगळ्यांना माहीत होते. संदेश स्पष्ट होता आणि छापील पुराव्यावर विसंबायची मला सवय होती. मी नोटीस तयार केली. फक्त सही करायची बाकी होती. सही करण्याआधी त्या दुसऱ्या वापरकर्त्याचे नाव पक्के करावे, एवढ्यासाठी मी साडूंना बोलावले.

सर्व्हर माझ्याच खोलीत होता. साडू माझ्या खुर्चीत बसले.

"काल काय बदललं, पाव्हणं?"

"काहीच नाही."

त्यांनी लिहून घेतले. मग सुनंदाताईंचा संगणक बंद करून त्यांना बाहेर बाकावर बसवले आणि शेखभाईंना नोंद बदलायला सांगितले. संदेश आला. पाऊण तासाने साडू म्हणाले, "हा रकाना नवा दिसतोय. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला संमती."

तो मीच फॉर्म बनवणाऱ्याला फोन करून वाढवून घेतला होता, दोन आठवड्यांपूर्वी. नव्या रुग्णांना सुनंदाताई विचारत आणि खूण करत. जुन्या रुग्णांचा तो रकाना कोराच राहिला होता.

"सर्व्हरला तीन गोष्टी कळतात," साडू म्हणाले. "हो, न्हाई, आन् अजून विचारलंच न्हाई. फॉर्मला दोनच. ह्यो कोऱ्याला 'न्हाई' समजतो. जतन करताना सर्व्हरशी ताळा घेतो, तो जुळत न्हाई. मग म्हनतो, मधी कुनीतरी बदललं. कुनी न्हाई हो. लई गरीब बिघाड हाय."

कोऱ्या रकान्यांत 'नाही' भरले. पुढे कोणी विसरले तरी आपोआप 'नाही' पडेल अशी सोय केली. फॉर्म पुन्हा सर्व्हरशी जोडले. शेखभाईंची तारीख जतन झाली. ते उठून बाहेर गेले. "ताई, चुकलं माझं," एवढे मला खोलीतून ऐकू आले. सुनंदाताईंचे उत्तर आले, "आधी जेवून घ्या. आज मेथी हाय."

नोटीस एवढा वेळ साडूंच्या कोपराखाली होती, मजकुराची बाजू वर. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर वाचणारा माणूस तो. उठताना त्यांनी कागदाची चौघडी घातली आणि माझ्या खिशात सरकवली. एसटीची वेळ विचारली आणि निघाले.

सुनंदाताई अजून त्याच खिडकीत आहेत. साडूंना हल्ली प्रवास झेपत नाही. ते फोनवरच रकाने विचारतात. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत. सोनईत सकाळी बोललेले दुपारच्या आत कोपरगावात पोचते. त्या कागदाविषयी माझ्या घरी अजूनही कोणाला काही माहीत नाही.