बटणाचं पहिलं अक्षर

ऑफिसात त्याला सगळे शंकासूर म्हणायचे, तेही तोंडावर. पाठीमागे म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण पाठीमागे काय चाललंय यावर तर त्याचा सगळा डोळा असायचा.

चाळिशीचा माणूस, कामाला वाघ. वेबसाइटचा दर्शनी भाग, म्हणजे पडद्यावर लोकांना जे दिसतं ते सगळं, तो बांधायचा. आधीच्या कंपनीत शेजारच्या टेबलावरच्या मित्राने त्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवलं आणि बढती घेतली. तेव्हापासून हा ताकच काय, पाणीही फुंकून प्यायचा. घराला कुलूप लावून अर्धा जिना उतरला, की परत वर जाऊन ओढून बघायचा. बायको म्हणायची, "तू एक दिवस आरशातल्या माणसाकडेही ओळखपत्र मागशील."

डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी वेब ॲप करायचं होतं. पेशंटनी घरबसल्या वेळ ठरवावी, एवढंच. प्रोजेक्टची मांडणी टीमच्या प्रमुख मॅडमनी त्याच्यावर सोपवली आणि त्याने ती जीव ओतून केली. बटणं, चौकटी अशा सुट्या भागांचं एक फोल्डर, अख्ख्या पानांचं दुसरं, सर्व्हरकडून माहिती आणणाऱ्या कोडचं तिसरं. सुरुवातीला घाईघाईत त्याने काही फाइलींची इंग्रजी नावं लहान अक्षराने सुरू केली होती. मग नियम केला, सुट्या भागाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठंच हवं. आपल्या लॅपटॉपवर त्याने नावं बदलली, त्या फाइली जिथे जिथे बोलावल्या होत्या त्या ओळीही बदलल्या. सगळं सुरळीत चाललं. मग त्याने ते काम सामायिक साठ्यात टाकलं, जिथून टीममधला प्रत्येकजण ते आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा.

त्याच आठवड्यात चाचणीचा सर्व्हर सुरू झाला, आणि त्याच आठवड्यात नवी आली. मुलं शाळेत रुळल्यावर पुन्हा नोकरीला लागलेली बाई. कमी बोलायची. तेच त्याला पहिल्यांदा खटकलं.

"कमी बोलणारी माणसं सगळं ऐकत असतात," तो घरी म्हणाला.

"बरंच आहे की," बायको म्हणाली. "कुणीतरी तुझं ऐकतंय."

नवीचं पहिलंच काम त्याने भिंग लावल्यासारखं तपासलं. बटणाची फाइल बोलावणाऱ्या त्याच्या ओळीत तिने मोठं अक्षर काढून लहान केलं होतं. सोबत टीप होती: 'नाव जुळत नव्हतं, दुरुस्त केलं.' त्याने आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. व्यवस्थित जुळत होतं! खोटं कशाला बोलावं माणसाने? त्याने अक्षर पुन्हा मोठं केलं. त्यानंतर चाचणीचा सर्व्हर बंद पडला. दुसऱ्या दिवशी अक्षर पुन्हा लहान झालेलं होतं, आणि सर्व्हर चालू.

म्हणजे बिघडवायचंही हिनेच आणि सावरायचंही हिनेच, असं त्याच्या डोक्यात बसलं. पाण्याची बाटली भरायला तो मुद्दाम तिच्या टेबलाजवळून जाऊ लागला. तो जवळ आला की ती पडद्यावरची एक खिडकी मिटायची. ती मुलांच्या शाळेचे निरोप वाचत असायची, पण हे त्याला कोण सांगणार? शेवटी त्याने सोय केली, की त्याच्या परवानगीशिवाय तिचं काम साठ्यात जाणारच नाही. ती काही बोलली नाही. आता तर त्याला खात्रीच पटली, कुठेतरी पाणी मुरतंय.

दवाखान्याचे डॉक्टर ॲप बघायला आले. त्याच सकाळी त्याने अक्षर मोठं केलं होतं. मॅडमनी पान उघडलं. पांढरंफटक, कोरं.

डॉक्टर गेल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या आल्यापासून हे सुरू झालंय. ह्या मुद्दाम करतात."

नवीचा चेहरा उतरला. "सर, मी टीप लिहिली होती. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. या, माझ्या लॅपटॉपवर बघा."

तो बसला. फोल्डरमध्ये बटणाची फाइल लहान अक्षराने सुरू होत होती. "नाव तुम्ही बदललंत!"

तिने त्याच्यादेखत सगळं पुसलं आणि साठ्यातून नव्याने उतरवलं. अक्षर लहानच. तरी त्याचं समाधान होईना. त्याने मॅडमच्या लॅपटॉपवर उतरवायला लावलं. तिथेही लहान.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचा लॅपटॉप मोठं आणि लहान अक्षर एकच मानायचा. त्यामुळे नावातला बदल साठ्याला कळलाच नव्हता. ओळी बदलून गेल्या होत्या, नाव जुनंच राहिलं होतं. तिचा लॅपटॉप आणि सर्व्हर मात्र दोन्ही अक्षरं वेगळी धरायचे, म्हणून तिथे गाडी अडायची. तिने खरंच दुरुस्तच केलं होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"ठीक आहे, सर," ती म्हणाली. त्या दिवशी ती डबा घेऊन खाली बागेत एकटीच जेवली.

त्याने परवानगीची अट काढायचं ठरवलं. तिनेच मॅडमना सांगितलं, "राहू दे. फक्त दोघांनाही लागू करा. सरांचं कामही मी बघितल्याशिवाय जायला नको." त्याला मान डोलवावीच लागली. आता ती त्याच्याशी जे काय बोलायची ते लिहूनच बोलायची, आणि मॅडमना प्रत पाठवायची. त्याला ते टोचायचं, पण कुठल्या तोंडाने बोलणार?

फाइलींची नावं त्यांनी मिळून नीट केली. ॲप सुरू झालं, दवाखान्याचा फोन वाजायचा कमी झाला. पुढच्या कामाचा पहिला भाग त्याने तिच्याकडे तपासायला पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं: 'माझ्याकडे चालत नाही.'

त्याच्या मनात पाल चुकचुकली. मग तो उठून खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, "दाखवा."