भरतीच्या वर

फतेगंज भागातल्या एका दुकानात तंबू भाड्याने मिळतात. मी आणि माझी मैत्रीण मीरा तिथे नकाशा पसरून उभ्या होतो. हर्णैहून गुहागरपर्यंत किनाऱ्याने चालत जायचं आणि रात्री मोकळ्या वाळूत तंबू ठोकायचा, असा आमचा बेत होता.

शेजारी साठीचे एक गृहस्थ नायलॉनची दोरी घेत होते. दोरीचं टोक बोटाला गुंडाळत, परत सोडत ते आमचं बोलणं ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "झोपणार कुठे?"

मी नकाशावर बोट ठेवलं. "इथे, अगदी पाण्याजवळ."

"ना बेटा, तिथे नको. भरतीचं पाणी झोपलेल्या माणसाला हाक मारत नाही." मग ते म्हणाले, "माझा धाकटा भाऊ असाच फिरायला गेला होता. एकटा."

"सापडले?" मीराने हळूच विचारलं.

"तंबू सापडला."

ते पुढे म्हणाले, "आई होती तोवर दर उन्हाळ्यात तो तंबू गच्चीवर वाळत घालायची. दमट राहिला तर कुजेल, म्हणायची."

दोरी पिशवीत टाकून ते निघाले. दारातून वळून म्हणाले, "पण जा जरूर. फक्त वर झोपा, झाडांत."

आम्ही गेलो. रोज गावात भरतीची वेळ विचारून सुरूच्या बनात तंबू ठोकला. समुद्र फार सुंदर दिसायचा, पण त्याच्याकडे पाठ करून झोपणं मला एकदाही जमलं नाही.