सरावाची बारी

कळंबच्या बाजूला माझं सासर. नव्वदच्या दशकात आमच्या घरी दोन खोंड तयार होत होते. त्यातल्या एकाची आई व्यायल्यावर गेली, म्हणून त्याला मी बाटलीनं दूध पाजून जगवलं. दोघंही माझ्याइतकं कुणाचं ऐकत नसत.

आमच्याकडं बैलगाडा घाटात पळतो. घाट म्हणजे सरळ चढाची धाव, सगळा खेळ काही सेकंदांचा. नव्या बैलाला तो आधी दाखवावा लागतो. पुढं घोडी पळवायला माणूस हवा, वर पोचलेले बैल धरायला चारजण हवेत. नुसतं जुंपून हाकलणं म्हणजे सराव नव्हे.

घाट गायरानात होता, अख्ख्या गावाचा. त्याची माती आम्ही बायकांनीही पाट्यांनी वाहिली होती. पण यात्रा जवळ आली की सकाळचा गारवा शर्यत कमिटीच्या अध्यक्षांचा आणि त्यांच्या सोयऱ्यांचा. आमचे मालक आणि दीर उजाडायच्या आत जायचे आणि ऐकून घ्यायचे, "पावणं आल्यात, त्यांचं व्हऊ द्या." असं करता करता ऊन डोक्यावर यायचं, घोडीवाला निघून जायचा, माणसं जेवायला पांगायची. मग अध्यक्ष म्हणायचे, "घ्या, आता घाट तुमचाच."

एकदा असंच भर उन्हात मालकांनी आणि दिरांनी गाडा सोडला. वर धरायला कुणी नव्हतं. खोंड बिथरून काटवनात शिरले आणि माझ्या बाटलीवरच्या खोंडाचा गुडघा सोलला. त्यावर अध्यक्ष काय म्हणाले, ते दिरांनी घरी येऊन सांगितलं, "बैलातच दम न्हाई, घाटाला कशाला बोल लावता?"

गुडघा भरून आला, पण माझा संताप काही ओसरला नाही. पुढच्या सरावाला खोंड घेऊन मीच निघाले. मालक मागून आले.

"वहिनी, घाटात बायका येत न्हाईत," अध्यक्षांनी वाटेतच अडवलं.

"माती वाहत व्हते, तवा मी बाई न्हवते का?"

त्यांनी मालकांकडं बघितलं. मालकांनी मान खाली घातली. मी दोन्ही कासरे धरून खोंड घाटाच्या तोंडाशी आडवे उभे केले. एकानं हुसकायला हात उगारला, तर खोंडानं शिंग रोखलं. तेव्हा मालक पुढं आले आणि एक कासरा त्यांनी धरला. ओतूरकडचा म्हातारा घोडीवाला हे बघत होता. तो म्हणाला, "मी व्हतो पुढं. जुंपा तुमी."

त्या सकाळी चार माणसं वर गेली आणि माझे खोंड नाकासमोर, सरळ वर पोचले. मी खाली उभी राहून रडले.

यात्रेत ते चांगले पळाले. भोंग्यावर मालकांचं आणि दिरांचं नाव पुकारलं. बायकांना मात्र त्या वर्षी घाटापासून लांब, शेताच्या बांधावर बसायला सांगितलं होतं. मी गेलेच नाही. नंतरच्या वर्षी सरावाच्या बाऱ्या देवळात चिठ्ठ्या टाकून ठरू लागल्या. ही सुधारणा आपणच केली, असं अध्यक्षांनी यात्रेत भाषण करून सांगितलं आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या.